जत्रेचा पाहुणा, लग्नाचा मामा

चैत्र लागला की गोव्यातल्या चोपड्याच्या दत्तारामला पाय फुटतात, असं त्याची बायको शांता म्हणते. गुढी उतरवून काठी माळ्यावर ठेवावी तोच हा माणूस अंगणात उभा राहून कान टवकारतो. कुठे ढोल वाजतो का, वारा कुठल्या बाजूचा, हे बघतो. सगळा जन्म म्हापसा–डिचोली रस्त्यावरच्या खासगी बसमध्ये कंडक्टर म्हणून गेलेला. पेडण्यापासून डिचोलीपर्यंत एक गाव असं नाही की जिथे त्याला हाक मारणारा माणूस नाही. आणि हाक मारणारा माणूस आहे म्हटल्यावर त्याच्या गावच्या जत्रेला जायचं नाही, हे दत्तारामच्या धर्मात बसत नाही.

रामनवमीला हे गाव, हनुमान जयंतीला ते, पुनवेला नदीपलीकडचं. वैशाखात शिरगावची लईराई, आणि त्याच सुमारास म्हापशाच्या चर्चमध्ये मिलाग्रीस सायबिणीचं फेस्त. लईराई आणि सायबीण या सख्ख्या बहिणी, असं आपल्याकडे मानतात. मग एकीला मोगरा वाहायचा आणि दुसरीला तेल घालायला जायचं नाही, असला दुजाभाव दत्तारामला कसा जमणार? तो दोन्हीकडे जायचा आणि दोन्हीकडचं गूळ-आल्याचं खाजं आणायचा. आल्याचा ठसका कुठल्या खाज्याला जास्त, यावर शांतेशी दोन दिवस वाद घालायचा.

"तुम्ही देवाला जाता की जेवायला?" शांता विचारायची.

"देव काय उपाशी पाठवतो गो?" हे त्याचं ठरलेलं उत्तर.

पण एक सांगायला हवं, रिकाम्या हाताने तो कधी कोणाच्या दारात उभा राहिला नाही. परड्यातल्या मानकुरादाचे आंबे तो जत्रांच्या हिशेबानेच पिकत घालायचा. गवताच्या एका थरात पुनवेचे, दुसऱ्यात पंचमीचे. शेजारणीने लोणच्याला चार मागितले तर तोंड पाडायचा.

या सगळ्या गावांत त्याचा जीव होता तो मुळगावच्या एका घरावर. गोकुळदास आणि विमला यांचं घर. गोकुळदास खाणीवर ट्रक चालवायचा, आता खाणी थंडावल्यावर शेती आणि थोडी काजूची बाग. विमला हाताची सढळ आणि तोंडाची गोड. त्यांना एकच मुलगी, सिद्धी. जत्रेला हा उंबऱ्यावर दिसला की सिद्धी आतून ओरडायची, "आई, मामा आयले!" लहान होती तेव्हा पायाला मिठी मारायची, मोठी झाल्यावर हातातली पिशवी घ्यायची. दत्तारामला मूलबाळ नाही. त्या एका हाकेसाठी तो चोपड्याहून मुळगावला चालतसुद्धा गेला असता.

आता गंमत ऐका. हे घर दत्तारामचं कोणीच लागत नव्हतं. नात्यातलं नाही, ओळखीतलं नाही, बसमधलंसुद्धा नाही.

झालं होतं असं. बसमध्ये रोज बसणारा रामचंद्र नावाचा एक मुळगावकर होता. त्याने फार आग्रह केला, "दत्ताराम, आमच्या जत्रेला यायचं म्हणजे यायचं. देवळाकडून खाली उतर, पणसाचं झाड दिसेल, त्याच्या पुढचं घर. दारात तुळस आहे." आता मुळगावात पणसाचं झाड आणि दारात तुळस नसलेलं घर कोणी दाखवून द्यावं! दत्ताराम उतरला, पणस बघितला, तुळस बघितली आणि हाक दिली, "आसा मरे कोण घरात?" आतून आवाज आला, "या, या! हातपाय धुवा, पानं वाढतायत."

जत्रेच्या दिवशी घरात माणसांचा नुसता पूर असतो. कोण कुणाचा मेहुणा, कोण कुणाच्या आतेबहिणीचा दीर, कुणाला ठाऊक? पाहुण्याला "तुम्ही कोण?" असं विचारणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं. दत्तारामने विचार केला, रामचंद्र देवळात पालखीबरोबर असेल. जेवला, आंब्यांची पिशवी विमलेच्या हातात दिली, सिद्धीला खाजं दिलं आणि चारच्या बसला ड्युटी म्हणून पळाला. पुढच्या वर्षी परत तेच. रामचंद्र तेव्हाही देवळातच असणार!

मग एके दिवशी रामचंद्र बसमध्ये तोंड फिरवून बसला. "मोठी माणसं तुम्ही," म्हणाला, "गरिबाच्या जत्रेला कशाला येणार?"

दत्तारामच्या हातातली तिकिटं खाली पडली. रामचंद्राचं घर वरच्या वाड्यावर होतं. हा जेवत होता तो खालचा वाडा. आणि पालखी आधी कुणाच्या दारात यायची यावरून दोन्ही वाड्यांचं बोलणं बंद, त्यामुळे ही चूक एका वाड्यावरून दुसऱ्या वाड्यावर पोचण्याचा प्रश्नच नव्हता.

पुढच्या जत्रेला दत्ताराम खरोखर खुलासा करायला म्हणून गोकुळदासच्या दारात गेला. पण तोंड उघडायच्या आत "मामा आयले!" झालं, पाट मांडला गेला, पान वाढलं गेलं. भरल्या पानावर बसून माणूस काय खुलासा करणार? त्याने तोड काढली. जेवण गोकुळदासकडे, आणि दुपारचा चहा वर रामचंद्राकडे. रामचंद्राचा राग गेला. सगळीकडे आनंदीआनंद. वर्षं गेली, दत्ताराम निवृत्त झाला, सिद्धीने शिक्षण संपवून म्हापशात औषधांच्या दुकानात नोकरी धरली.

आणि या वर्षीच्या जत्रेला घोटाळा झाला.

पानावर सोलकढी आली होती. गोकुळदास हात जोडून मध्ये उभा राहिला आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाला, "आमच्या सिद्धीचं लग्न ठरलं. वैशाखातच आहे. विमलेचा सख्खा भाऊ आखातात, त्याला रजा नाही. तेव्हा मामा म्हणून सिद्धीला मांडवात आणायचा मान आम्ही दत्तारामबाबांना देतो."

पंगतीने "वा, वा" केलं. विमलेने डोळ्याला पदर लावला. सिद्धी लाजत आली आणि दत्तारामच्या पाया पडली.

दत्तारामने उचललेला घास परत पानात ठेवला. जेवायला मामा होणं वेगळं आणि लग्नात मामा होणं वेगळं. तिथे भटजी असतात, अग्नी असतो, वराकडची माणसं असतात. तिथे खोटा मामा उभा राहिला तर पोरीच्या लग्नालाच बट्टा. आणि खरं सांगितलं तर? तर त्या घरचं दार गेलं, आणि ती हाक गेली. त्या दिवशी तो रामचंद्राकडे चहाला न जाताच बस पकडून घरी आला आणि माडीच्या पायरीवर बसून राहिला.

"पोटात दुखतं काय?" शांतेने विचारलं.

"नाही."

"मग पोट भरलं नाही?"

"शांता, गप्प बस गो जरा."

शांतेला नवल वाटलं. जत्रेहून आलेला नवरा खाज्याची पुडीसुद्धा न सोडता बसलेला तिने कधी पाहिला नव्हता.

आमंत्रणं निघायच्या आत सांगून टाकायचं, असं दत्तारामने ठरवलं. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात विमला पावसाळ्याच्या बेगमीच्या मिरच्या घ्यायला येणार, हे त्याला माहीत होतं. तो सकाळपासून मिरच्यांच्या ढिगांमधून फिरला, शिंकून शिंकून डोळे लाल केले, आणि शेवटी ती दिसली.

"वहिनी, एक सांगायचं होतं..."

"दादा! बरे भेटलात. हा मला हरमलची मिरची म्हणून देतोय, बघा हो खरी काय ती. तुम्ही पेडण्याकडचे, तुम्हाला कळणार."

दत्तारामने मिरची मोडली, हुंगली. "खरी आहे. पण वहिनी, माणूस खरा की खोटा..."

"या माणसाचं राहू दे, भाव सांगा त्याला!" मिरच्या झाल्या, मग सोलं झाली, मग सुके बांगडे. पिशव्या उचलून तिला बसमध्ये बसवून द्यावं लागलं. बस सुटली तेव्हा विमला खिडकीतून म्हणाली, "तुमचे डोळे बघून मलाच रडू येतं हो. पोरीवर केवढी माया!" दत्ताराम मिरचीने पाणावलेले डोळे पुसत स्टँडवर उभा.

पुढच्या सोमवारी चोपड्याला त्याच्या दारात रिक्षा थांबली. गोकुळदास आणि विमला, हातात नारळ-सुपारी आणि पत्रिका. पहिली पत्रिका देवाला, दुसरी मामाच्या घरी, असा रिवाज. शांता धावपळीने पुढे झाली. ही माणसं तिने कधी पाहिलेली नाहीत, पण आल्यागेल्याला विचारायचं नाही हे तिलाही ठाऊक. तिने प्लास्टिकच्या खुर्च्या पुसल्या, पाणी दिलं, आंबे कापले. दत्ताराम नदीवर गेला होता. तो येईपर्यंत गप्पांना सुरुवात झाली.

"हळदीला तुम्ही आदल्या दिवशीच या हो," विमला म्हणाली. "मामी नाही तर हळद लागायची कशी?"

"मामी?" शांता म्हणाली. "कोणाची मामी?"

"आमच्या सिद्धीची."

शांतेने आंब्याची फोड ताटलीत ठेवली. "रागावू नका हं. पण यांना सख्खी बहीण नाही, चुलतबहीण एकच, ती पणजीला. तुम्ही कोणाकडच्या?"

विमला हसली. "मी कशी बहीण असेन? ते ह्यांच्याकडचे. पोर लहानपणापासून मामा म्हणते, म्हणून हा मान."

गोकुळदासच्या हातातला पेला थांबला. "माझ्याकडचे? ते तुझे पेडण्याचे चुलतभाऊ ना?"

"माझं पेडण्याला कोण आहे?"

त्याच वेळी दत्ताराम हातात गाथलेली मासळी घेऊन दारात उभा राहिला. तिघांनी त्याच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं बसमध्ये विनातिकीट माणसं त्याने पकडली, पण विनातिकीट माणसाचा चेहरा आतून कसा वाटतो ते त्याला तेव्हा कळलं.

त्याने मासळी खाली ठेवली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. रामचंद्र, पणस, तुळस, सगळं. "पहिली दोन वर्षं मला माहीत नव्हतं," तो म्हणाला, "पुढचं मात्र सगळं माहीत असून. सिद्धी मामा म्हणायची, तेवढं सुटलं नाही. तुम्ही पत्रिका परत न्या. मी बोलणार नाही काही."

मग विमला नवऱ्याकडे वळली. "म्हणजे तुमचा माणूस म्हणून मी याला दर वर्षी पाच पुऱ्या जास्त वाढायचे, नाव ठेवायला जागा नको म्हणून!"

"आणि मी?" गोकुळदास म्हणाला. "तुझ्या माहेरचा म्हणून खिरीचं भांडं त्याच्यापुढे सरकवत होतो! एकदा मला स्वतःला खीर उरली नाही, तरी चकार शब्द काढला नाही. म्हटलं, माहेरचं माणूस, बोललो तर वर्षभर ऐकावं लागेल."

"मी म्हटलं, सासरचं माणूस, बोलले तर जन्मभर ऐकावं लागेल."

शांतेला हसू आवरेना. पण गोकुळदास हसला नाही. तो उठला, बाहेर अंगणात जाऊन नदीकडे तोंड करून उभा राहिला. दत्तारामने मान खाली घातली. हा आता रिक्षा बोलावणार, हे त्याला दिसतच होतं. त्याची नजर पत्रिकेवर होती. पिवळ्या अक्षरांत सिद्धीचं नाव.

गोकुळदास परत आला आणि खुर्ची ओढून बसला. "माझे भाऊबंद विचारतील, हा मामा कुठला? त्यांना काय सांगू? दत्तारामबाब, तुमची आई कुठली?"

"कोरगावची."

"कोरगावला माझ्या आज्याची बहीण दिली होती. बघू, बघू. गोव्यात दोन माणसं एकमेकांची लागत नाहीत असं होतं काय?"

झालं. चौघं खुर्च्या ओढून नातं खणायला बसले. दत्तारामची एक मावशी मयें गावात दिलेली, विमलेच्या आजीचं माहेर मयें, तिथे एक धागा सापडला. तो ओढत ओढत आणला तर विमला दत्तारामची मावशी निघाली.

"म्हणजे मी नवरीचा भाऊ?" डोक्यावर पांढरे केस असलेला दत्ताराम म्हणाला.

"आणि मी तिची वहिनी!" शांता म्हणाली. "हळद कोण लावणार मग?"

गोकुळदासच्या बाजूने कोरगावचा धागा ओढला तर त्याहून वाईट. तिथून दत्ताराम सिद्धीचा आजोबा झाला. एका बाजूने भाऊ, एका बाजूने आजोबा. मामा तेवढा कुठून निघेना. दुसरा चहा झाला, आंबे संपले.

शेवटी विमला उठली. "पुरे झालं खणणं. शांताताई, निरांजन आहे घरात? कुंकू आणा, दोन अक्षता आणा."

शांतेने ताट आणून दिलं. विमलेने दत्तारामला माडीच्या खांबाला टेकवून पाटावर बसवलं, कपाळाला कुंकू लावलं आणि ऐन वैशाखाच्या घामात भाऊबीज केली. ओवाळणीला घालायला दत्तारामकडे काहीच नव्हतं. त्याने उठून गवताचा थर उचकला आणि शेवटचा एक मानकुराद ताटात ठेवला.

"भाऊबंदांना सांगा, माझा भाऊ," विमला नवऱ्याला म्हणाली. "कधीपासून म्हणून विचारलं तर सांगा, जेवायला येतो तेव्हापासून."

गोकुळदासने पत्रिकेवर नारळ ठेवला आणि दत्तारामच्या हातात दिला. "एक अट," म्हणाला. "आता भाऊ झालात, मग खिरीचं भांडं माझ्याकडे."

लग्न मुळगावातच, मंडपात, सकाळच्या मुहूर्ताला. शांतेने मामीचा मान काय म्हणून सोडावा? साडी-चोळी, फुलांची वेणी, घरच्या काजूगराचे लाडू, सगळं घेऊन ती आदल्या दिवशी हजर. भटजींनी "मामा, नवरीला आणा" म्हणून पुकारा केला तसा दत्ताराम फेटा सावरत आत गेला आणि सिद्धीचा हात धरून निघाला, तो असा झपाझप की मागच्या करवल्या धावायला लागल्या.

"मामा, हळू," सिद्धी खालमानेने पुटपुटली, "बस नाही ही. कोणी पळत नाही."

"वेळेवर पोचलो पाहिजे ना बाय," तो म्हणाला. अंतरपाट धरलेल्या दोघांनी त्याला वाट दिली. तिला बोहल्यावर उभं करून हात सोडायचा होता. त्याने तो सोडावा म्हणून भटजींना दोनदा खाकरावं लागलं.

अक्षता पडल्या, बाजा वाजला, आणि मांडवात पानं मांडायला लागले तसे दत्तारामचे पाय आपोआप पहिल्या पंगतीकडे वळले. जागासुद्धा त्याने हेरून ठेवली होती, पंख्याखालची. तो बसणार, इतक्यात मागून बाही ओढली गेली.

"दादा, खंय चाललात?" विमला कमरेला पदर खोचून उभी. "पाहुणे बसलेत. मामा आधी बसतो होय? ही वरणाची बादली धरा."

तो वाढत राहिला. पहिली पंगत, दुसरी, तिसरी. वराकडचा एक जाडा काका "अजून, अजून" म्हणत राहिला तेव्हा दत्तारामने बादलीच्या तळाकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कोणी जेवताना जरा कमी जेवावं असं वाटलं. गोकुळदास भात घेऊन मागून येत होता, दोघांचे सदरे घामाने पाठीला चिकटलेले.

घरची माणसं बसली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. उसळ संपली होती, पापड मोडके होते, भात तळाचा लागलेला होता. शांता त्याच्या शेजारी पाय पसरून बसली आणि त्याच्या पानाकडे बघून म्हणाली, "कळलं आता? घरच्यांच्या वाट्याला काय येतं ते?"

दत्तारामने मोडका पापड भातात कुस्करला. ताक अजून उरलंय का, हे कोणाला न विचारता बघायला तो स्वतःच उठला आणि चुलाणाकडे गेला.